भिन्नमताचं पान

विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा आमच्या रसायनशास्त्र विभागात चहा चालला होता. पातूरच्या पुढच्या एका गावातलं विज्ञान महाविद्यालय तपासायला तीन प्राध्यापकांची समिती जाणार होती आणि तिच्यात माझं नाव होतं. विभागप्रमुखांनी पत्र मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "चला, मॅडमच्या कपाटात आणखी एक शाल." सगळे हसले. मीही हसले.

अशा समितीचं काम कागदावर सोपं असतं. महाविद्यालयाला ठरावीक काळानं विद्यापीठाची परवानगी नव्यानं घ्यावी लागते. तिला संलग्नीकरण म्हणतात. समितीनं जायचं, शिक्षक किती, पुस्तकं किती, प्रयोगशाळेत सामान आहे का, हे पाहायचं आणि छापील नमुना भरून द्यायचा. आम्ही हो म्हटलं की वर्ग चालू. प्रत्यक्षात समिती जेवून येते. हे मला माहीत होतं, कारण समित्या आमच्या अमरावतीच्या महाविद्यालयातही येत. आम्हाला श्रेणी द्यायला बाहेरच्या राज्यांतली मंडळी आली होती, तेव्हा पाच वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं मी आठ दिवसांत लिहिली होती. वेगवेगळ्या पेनांनी. जुन्या वर्षांचे कागद जुने दिसावेत म्हणून गच्चीवर उन्हात ठेवून. न झालेल्या एका बैठकीत मी स्वतःलाच एक सूचना करताना दाखवलं होतं आणि ती एकमतानं मंजूरही करून घेतली होती. श्रेणी चांगली आली, पेढे वाटले, मी एक खाल्ला. हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी जे केलं त्यावरून मी फार स्वच्छ बाई होते असं कुणाला वाटायला नको.

दर्यापूरचे वनस्पतिशास्त्राचे एक सर माझ्याबरोबर अमरावतीहून निघाले. समितीचे प्रमुख अकोल्याचे एक प्राचार्य होते, निवृत्तीला आलेले. त्यांना अकोल्यात गाडीत घेतलं. गाडी पातूरच्या रस्त्याला लागली तशी त्यांनी पिशवीतून नमुना काढला. तो पेन्सिलीनं भरलेला होता.

"काम हलकं करून आणलंय," ते म्हणाले. "तिथं गेल्यावर फक्त पेन फिरवायचा."

"सर, आपण अजून पाहिलं नाही."

"मॅडम, खेड्यातली संस्था आहे. आपण काही दरोडा पकडायला चाललो नाही." ते हसत म्हणाले, पण नमुना त्यांनी परत पिशवीत घातला आणि पिशवी माझ्या बाजूची उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

फाटकाशी रांगोळी होती. मुलींनी ओवाळलं. प्राचार्यांच्या खोलीत काजू, बदाम, शाली, नारळ. मग आम्हाला ग्रंथालय दाखवलं. पुस्तकं कोरी होती, शिक्के ओले वाटावेत इतके ताजे. दर्यापूरचे सर प्रत्येक कपाटासमोर "वा, वा" म्हणत होते. मी म्हटलं, तृतीय वर्षाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा पाहू.

तिथले प्राचार्य चाळिशीचे, बारीक, घामेजलेले गृहस्थ होते. "हो, दाखवू की. पहिले जेवून घ्या. रोडगे केलेत, गरम आहेत."

"आधी प्रयोगशाळा पाहू."

"किल्ली परिचराकडे आहे मॅडम. तो लग्नाला गेला. बाळापूरला."

"मग दुसरी किल्ली?"

"दुसरी त्याच्याच जुडग्यात आहे."

आमचे प्रमुख म्हणाले, "हरकत नाही, नंतर पाहू," आणि जेवायला चालू पडले. दर्यापूरचे सर एकदा माझ्याकडे, एकदा रोडग्यांच्या वासाच्या दिशेनं बघत उभे राहिले आणि मग तेही गेले. मी प्राचार्यांना म्हटलं, बाळापूर काही लांब नाही, माणूस पाठवा, मी थांबते. व्हरांड्यात एक खुर्ची होती. ती ओढून मी प्रयोगशाळेच्या दाराशी, कुलपासमोर बसले. बसले तेव्हा वाटलं होतं, अर्धा तास. दोन तास बसले.

त्या दोन तासांत माझ्याशी जे जे बोलायला आले, ते राग घेऊनच आले. पहिले आमचे प्रमुख, जेवून, बडीशेप चघळत. "मॅडम, तुम्ही समितीच्या सदस्य आहात, समिती नाही," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मला अजून दोन ठिकाणी जायचं आहे. तुमच्या हट्टापायी मी इथं मुक्काम करू काय?"

"तुम्ही जा. मी 'प्रयोगशाळा दाखवली नाही' असं लिहून देते."

"तसं लिहिता येत नाही."

"का?"

"आजवर कोणी लिहिलं नाही म्हणून." ते तोंड फिरवून निघून गेले.

मग संस्थाचालक आले. गावातले मोठे शेतकरी, पांढरे कपडे, पायात चामडी चप्पल. गावात सगळे त्यांना भाऊ म्हणत. प्राचार्य त्यांच्या दोन पावलं मागे.

"काहून बसल्या मॅडम अशा? आमच्या घरी पाहुना उपाशी बसत नाई."

"भाऊ, मी पाहुणी नाही. प्रयोगशाळा पाहिली की जेवते."

"काय पाहाचं हाये तिच्यात? टेबलं हायेत, नळ हायेत. लेकरं पास होऊन राहिले ना? आमचा निकाल पाहा."

"निकाल पाहिला. म्हणूनच प्रयोगशाळा पाहायची आहे."

त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी आवाज चढवला तो व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जावा असा. "तुमच्या कालिजात काय चालते ते आमाले मालूम नाई काय? तुमची श्रेणी कशी आली, कोनाकोनाले कोनत्या हाटेलात ठेवलं, सारं विदर्भाले मालूम हाये. शयराचं खोटं ते कागद, अन् खेड्याचं खोटं ते पाप. असंच ना?"

"आमच्याकडंही खोटं आहे," मी म्हटलं. "मी स्वतः लिहिलंय. पण आमच्या प्रयोगशाळेला दिवसा कुलूप नसतं."

"मंग सांगा ना ते तुमच्या कागदात. हिंमत हाये?"

ते गेले. मला खरं तर तेव्हाच उठून जावंसं वाटलं होतं. भूक लागली होती, डोकं दुखत होतं आणि त्या माणसाचं म्हणणं बरोबर होतं. उठले नाही ती धैर्यामुळे नाही. रागामुळे. त्या किल्लीच्या थापेचा मला राग आला होता. इतकी आळशी थाप, की समोरच्याला ती खरी वाटावी एवढेसुद्धा कष्ट घेतलेले नव्हते.

शेवटी तीन मुली आल्या. तृतीय वर्षाच्या, युनिफॉर्मात, सकाळी ओवाळणाऱ्यांपैकीच. त्यांना कुणी पाठवलं होतं की त्या आपणहून आल्या, मला आजही माहीत नाही. दोघी मागे राहिल्या. पुढे आली ती उंच, सावळी, सरळ डोळ्यांत बघणारी.

"मॅडम, सही करून जा ना," ती म्हणाली.

"तुम्ही या खोलीत कधी गेला आहात?"

तिनं कुलपाकडे पाहिलं. मी तिला अनुमापनाबद्दल विचारलं. ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल सोडायचं आणि रंग कधी बदलतो ते बघायचं, हा आमच्याकडे पहिल्या वर्षी शिकवतात तो प्रयोग. तिनं तो घडाघडा सांगितला. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. एकही चूक नाही.

"केलायस कधी?"

"गाईडात असते ना."

"ब्युरेट हातात धरली आहेस?"

"नाई." मग एकदम तिचा आवाज फुटला. "पन तुमच्या कागदानं काय होनार हाये? आमचा वर्ग बंद होईन. मंग मी कोठी जाऊ? अकोल्याले माहा बाप पाठवत नाई. हे कालिज घराजवळ हाये म्हनून मी शिकून राहिली. तुमी सही करा अन् जा मॅडम. आमी पाहून घेऊ आमचं."

मी तिला समजावू लागले. न केलेल्या प्रयोगांच्या पदवीला अर्थ नसतो, मी हे तुमच्यासाठीच करते आहे, वगैरे. वर्गात बोलते तशी बोलले. तिनं ऐकून घेतलं नाही. "आमच्यासाठी काई नका करू," म्हणाली आणि मैत्रिणींना घेऊन गेली.

चारच्या सुमारास संस्थाचालक परत आले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दार पायानं ढकललं.

"घ्या. पाहा. मन भरून पाहा."

आत सोयाबीन होतं. जमिनीपासून खिडकीच्या वरपर्यंत पोती. प्रयोगाच्या टेबलांवर पोती, रसायनांच्या फळ्यांवर रिकामे बारदाने. एका वॉशबेसिनमध्ये उंदराचं औषध ठेवलेलं. नळांना धूळ. भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता होता, त्याची खालची बाजू पोत्यांमागे गेली होती. खोलीत धान्याचा कोंदट, उबदार वास.

"या भावात कोन इकते सोयाबीन?" संस्थाचालक म्हणाले. त्यांना लाज वाटत नव्हती, उलट माझ्याकडे असं पाहत होते की आता तरी ही बाई समजून घेईल. "गोदाम गळते. दोन महिने ठेवलं. भाव आला का खोली मोकळी."

दोन महिने नव्हते ते. प्राध्यापकांच्या उपस्थितीचं पुस्तक मी मग मागितलं तेव्हा कळलं, रसायनशास्त्राला कायम शिक्षकच नव्हता. तासिकेवर एक जण येत होता, त्यानं वर्षापूर्वी येणं सोडलं होतं. मुलींची प्रॅक्टिकलची जर्नलं मात्र पूर्ण होती, लाल शाईच्या सह्यांसकट.

आमच्या प्रमुखांनी खोलीत डोकावून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "सुधारणेस वाव आहे, असं लिहू. एवढं पुरे." दर्यापूरच्या सरांनी लगेच मान हलवली. मी म्हटलं, मी यावर सही करणार नाही. नियमाप्रमाणे सदस्याला भिन्नमत नोंदवता येतं. मी वेगळा कागद घेतला, तिथंच व्हरांड्यात खुर्चीच्या हातावर ठेवून लिहिलं. काय पाहिलं ते लिहिलं, सोयाबीनसकट. शेवटी एक ओळ घातली: विद्यार्थ्यांचं नुकसान होणार नाही अशी पर्यायी व्यवस्था करावी. शाल-नारळ खुर्चीवर ठेवून आले.

आम्ही परत निघालो. अकोल्याला प्रमुख उतरले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मॅडमना स्टँडवर सोडून दे. त्यांना बसनं जायचं आहे." मला बसनं जायचं नव्हतं. दर्यापूरचे सर खिडकीबाहेर पाहत राहिले. मी उतरले आणि एसटीनं अमरावतीला आले.

पुढचे दोन महिने वाईट गेले. अनोळखी नंबरांवरून फोन यायचे. कुणी विनंती करायचं, कुणी विचारायचं, "तुमची बदली-बिदली होत नाई का हो कुठं?" आमच्या प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "तुम्ही लोकांच्या घरात शिरून कपाटं उघडता, उद्या लोक आपली उघडतील," ते म्हणाले. ते घाबरलेले होते. स्टाफरूममध्ये मी गेले की विषय बदलायचा. एका सहकाऱ्यानं माझ्या टेबलावर सोयाबीनच्या तेलाची रिकामी पिशवी ठेवली होती. त्यावरही सगळे हसले. या वेळी मी नाही हसले.

मग निकाल आला. माझं पान कुणीतरी वाचलं होतं. विद्यापीठानं दुसरी समिती न कळवता पाठवली, तिनंही पोती पाहिली, आणि त्या महाविद्यालयाची विज्ञानाची परवानगी एका वर्षासाठी थांबवली. असलेल्या विद्यार्थ्यांना अकोल्याच्या महाविद्यालयात सामावून घ्यावं, असा आदेश निघाला. मला फार आनंद झाला. खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखं वाटलं. त्या दिवशी येताना मी घरी श्रीखंड आणलं.

माझी आई अकोल्याला असते. वडील तिथं वकिली करत, ते गेल्यावरही तिनं घर सोडलं नाही. महिन्यातून एकदा मी जाते, तिची औषधं आणि भाजी आणून देते. त्या आदेशानंतर वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. बाजारात एका भाजीवाल्याकडे कोवळी वांगी दिसली. मी बसून निवडू लागले. पिशवी भरली तेव्हा काट्याशी बसलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, वळखलं काय?"

तीच होती. उंच, सावळी. ओढणी कमरेला बांधलेली, पुढ्यात मेथीच्या जुड्या.

"तू इथं?" मी विचारलं. "कॉलेज?"

"अकोल्याच्या कालिजात नाव टाकलं होतं त्यायनं. सकाळी सातले प्रॅक्टिकल. गावातून पयली गाडी साडेसातले निंगते."

"हॉस्टेल..."

"हास्टेल भरलेलं होतं. माह्या बापानं पाठवलंही नसतं. आमी तिघी होतो. एक जाते, तिचा मामा राह्यते अठी. आमी दोघी घरी. बाजाराच्या दिवशी बापासंगं अठी येते."

तोपर्यंत तिच्या वडिलांच्या लक्षात आलं होतं. काटकुळे गृहस्थ, डोक्याला रुमाल. "हेच काय त्या?" त्यांनी मुलीला विचारलं. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि ती पालथी करून सगळी वांगी परत ढिगात ओतली. रागानं आदळली नाहीत. वांग्याला मार लागू नये अशी, हळू.

"तुमाले भाजी देत नाई आमी," ते म्हणाले.

"अहो, माझं ऐकून तर घ्या. तिथं काही शिकवतच नव्हते. प्रयोगशाळेत पोती होती."

"मले मालूम हाये पोती होती. म्या सोताच उचलली हायेत ते, हंगामात भाऊकडं कामाले जातो. तुमाले वाटलं, आमी येडे हाओत? पोरगी रोज जात होती, येत होती. चार पोट्ट्यांत बसत होती. लग्नाचं कोनी इचारलं तर शिकून राहिली म्हनत होतो." ते ढिगातली वांगी सारखी करू लागले. "कालिज तर चालूच हाये बाई गावचं. आमच्या पोट्ट्या तेवढ्या बंद झाल्या."

मला ते माहीत नव्हतं. मी मुलीकडे पाहिलं.

"हो. औंदा परवानगी भेटली, पयल्या वर्षापुरती. खोली मोकळी केली, नवे मास्तर ठेवले." मग म्हणाली, "खरंच प्रॅक्टिकल होते आता. माही चुलतबहीन जाते पयल्या वर्षाले. तिच्या बोटाले पिवळे डाग पडले. नायट्रिक ॲसिडचे हायेत म्हनते."

नायट्रिक आम्लाचा डाग कातडीवरून कशानंच जात नाही, कातडी झडेपर्यंत राहतो. प्रयोग केल्याशिवाय तो पडतही नाही. वीस वर्षांहून जास्त मी मुलांच्या बोटांवर तो पाहत आले आहे. ते ऐकून माझ्या आतून काहीतरी उसळून आलं, अगदी शुद्ध आनंद. त्या मुलीसमोर तो मला दाखवता येईना. मी खाली मेथीकडे बघत राहिले.

"मी तुझ्यासाठी काही करते," मी म्हटलं. "अजून प्रवेश होऊ शकतो. हॉस्टेलसाठी मी स्वतः बोलते. अमरावतीला ये, आमच्याकडं."

"आता कावून उपकार करता?" वडील म्हणाले.

मुलीनं त्यांना हातानं थांबवलं. ती चिडलेली नव्हती. व्हरांड्यात होती त्याहून शांत होती, आणि तेच मला जास्त लागलं. "मॅडम, त्या डिग्रीनं मले काय भेटलं असतं? काईच नाई, हे मलेही मालूम होतं. तुमी लिवलं ते खरंच लिवलं. पन म्या तुमाले सांगतलं होतं ना, गाडीचं, बापाचं? सारं सांगतलं होतं. तुमी मले उलटं शिकवत बसल्या." तिनं एका गिऱ्हाइकाला मेथीची जुडी दिली. "तुमच्या कागदात आमचं काय लिवलं होतं?"

मी तिला ती ओळ सांगितली. पर्यायी व्यवस्था करावी.

"व्यवस्था केली ना त्यायनं," ती म्हणाली. "सकाळी सातची."

मी उठले. अमरावतीला परत आल्यावर विद्यापीठात फोन केला, ज्या अधिकाऱ्याच्या सहीनं आदेश निघाला त्यांना विचारलं, की मुलींना पाठवताना गाड्यांच्या वेळा कुणी पाहिल्या होत्या का. ते म्हणाले, "मॅडम, नियमाप्रमाणे प्रत्येकीला पत्र दिलंय. आवक-जावकला नोंद आहे." मी त्यांच्याशी भांडले. बरंच तोडून बोलले. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, की मी त्यांना जे जे विचारलं त्यातलं एकही मी त्या दिवशी व्हरांड्यात कुणाला विचारलं नव्हतं. दोन तास रिकामी बसले होते.

त्यानंतर मला कुठल्याही समितीवर बोलावलेलं नाही. आमच्या महाविद्यालयाची श्रेणीची मुदत पुन्हा संपत आली आहे. आता बरंचसं ऑनलाइन भरायचं आहे, फोटोंसकट. इतिवृत्तं लिहायला मी नकार दिला, तेव्हा ते काम एका नव्या मॅडमना दिलं गेलं. त्या माझ्याशी बोलत नाहीत. पोती कुणीतरी लिहून ठेवली पाहिजेत असं मला अजूनही वाटतं, आणि वेळ आली तर ते पान मी पुन्हा लिहीन. फक्त ती शेवटची ओळ लिहिण्याआधी बसस्टँडवर जाऊन येईन.

अकोल्याला गेले की मी त्याच बाजारात जाते. मुलगी दिसली तर ती मान हलवते, माझ्या हातात आईची औषधं पाहून कधी विचारते, "आई बऱ्या हायेत काय?" वडील मात्र मला लांबून पाहिलं की काट्यावर रुमाल टाकतात. मी त्यांच्या शेजारच्या बाईकडून भाजी घेते. तिची वांगी बहुतेक निबर असतात आणि आई दर वेळी विचारते, तुला धड भाजी का निवडता येत नाही.